फक्त आवाज

दुकानदार: काका, तेच तर सांगतोय. फाइल बिघडलेली नाही, ठणठणीत आहे. फक्त तिच्यात चित्र नाही.

बाबा: चित्र नाही म्हणजे? व्हिडिओ आहे तो! माझ्या बायकोनं हॉस्पिटलमधून पाठवलेला, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. ती त्यातून उठलीच नाही. मग दीड महिना बघायचा धीर झाला नाही, आज उघडायला गेलो तर नुसता काळा पडदा.

दुकानदार: व्हिडिओ होता. पण कुणीतरी तो बदलून घेतलाय. लोक गाण्यांचे व्हिडिओ उतरवतात ना, मग चित्र टाकून देतात आणि नुसता आवाज ठेवतात. जागा कमी लागते.

मुलगी: मी केलं, बाबा.

बाबा: काय केलंस?

मुलगी: त्या दिवशी तुमच्या फोनवर तो उघडेना, म्हणून तुम्ही मला पाठवलात. आत्ताच्या आत्ता उघडून दे म्हणालात. मी कामावर. पेशंट खुर्चीत आ वासून बसलेला, डॉक्टर दाताचा चिमटा मागतायत. ती फुकटची साइट उघडली आणि रोज गाणी बदलते तशीच बोटं चालली. तेच बटण दाबलं गेलं.

दुकानदार: होतं असं, ताई. मूळचा दुसरीकडे कुठं ठेवला असेल तर द्या, दोन मिनिटांत करून देतो.

मुलगी: मूळचा पुसला. दोन्ही फोनवरचा. जागाच नव्हती.

बाबा: न बघता?

मुलगी: मला काय माहीत! वाटलं, संध्याकाळी शुद्धीवर आली की तिलाच विचारू.

दुकानदार: काकूंचा फोन असेल ना?

बाबा: मेव्हण्याला दिला. त्यानं कोरा करून घेतला. मीच म्हटलं, घेऊन जा, नजरेसमोर नको.

दुकानदार: साइटवाल्यांकडे दोन तासांवर काही राहत नाही. दोन्ही फोन मी सकाळपासून दोनदा चाळले. पुसलेल्यावर दुसरं भरलं गेलंय, काही हाती लागत नाही. पण काका, आवाज तर आहे ना? काकू काय बोलल्या ते तरी...

मुलगी: आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची.

दुकानदार: अरे देवा.

बाबा: जिला आवाजच नव्हता, तिचा तेवढा आवाज ठेवलास. शाबास!

मुलगी: बोला. आणखी बोला. मी रोज बोलते स्वतःला.

बाबा: लाव रे ते.

दुकानदार: कशाला उगाच, काका...

बाबा: लाव म्हणतो ना!

(फाइल चालू होते.)

दुकानदार: पंखाच ऐकू येतोय.

मुलगी: ही खाट करकरली. उठून बसली आई.

बाबा: थांब, मागे घे. ऐकलंस? थप, थप. छातीवर दोनदा. हा मी.

मुलगी: हो. तुम्हालाच हाक मारली.

बाबा: आणि पुढं?

मुलगी: बाही घासतेय. हात चाललेत, भराभर.

बाबा: रागावली की असेच चालायचे तिचे.

मुलगी: खूश असली तरी चालायचे, बाबा.

दुकानदार: अजून तीन मिनिटं असंच आहे.

बाबा: तिला नको होतं ते ऑपरेशन. दोन दिवस नुसती मान हलवत होती, नाही, नाही. तरी मी सही केली. रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपली आणि सकाळी मी पैसे आणायला घरी गेलो, तेवढ्यात हे पाठवलं. तुला तर तिचं सगळं कळायचं. मला चार खुणा येईनात, तेव्हा तू सांगायचीस. आता सांग ना. माफ केलं म्हणाली का?

मुलगी: हात दिसल्याशिवाय कसं सांगू, बाबा?

बाबा: मग खोटं सांग.

मुलगी: माफ केलं म्हणाली.

बाबा: तेवढंच म्हणायला तीन मिनिटं कशी लागतील गं?