पायाला ब्रेक कळेनासा झाला

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. बाप सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा, अन आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, धुळ्याला बी.ए. झालो, हे मी आजही छाती काढून सांगतो. नोकरी नाही लागली, ते सोडा. सुट्टीत मामाच्या गॅरेजात हात काळे करायचो तेच कामाला आलं, अन इथं नशिराबादला हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं, पाटीवर लिहिलं, फक्त ब्रेकचं काम. लोक हसायचे, नाना, बाकीची गाडी कोणी करायची? मी म्हणायचो, चालू कोणीही करतं, थांबवून दाखवा.

ब्रेकचं कसं असतं, काय सांगू तुम्हाला, अर्धं कानाला कळतं अन अर्धं पायाला. चाकातून चर्र आवाज आला की पॅड संपले, लोखंडाला लोखंड घासतंय. दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढली की एक चाक धरतंय, दुसरं धरत नाही. पेडल थरथरलं की डिस्क वाकडी, स्पंजासारखं मऊ लागलं की नळीत हवा. हे बठ्ठं, म्हणजे सगळं, पायाला कळायचं, म्हणून मी चप्पल बाहेर काढून अनवाणीच गाडीत बसायचो, गिऱ्हाईक म्हणायचं, देवळात चालले का नाना.

हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकाशी, एक पेडलवर. पेडलवर आमची मंडळी, इंदू. मी चाकाखालून ओरडायचो दाब, धर, सोड, अन ती दाबायची, धरायची, सोडायची, तोंडानं शेजारणीचं गाऱ्हाणं चालूच. असंच आयुष्य गेलं म्हणा ना.

तर गेल्या उन्हाळ्यात जळगावचे डाळीचे व्यापारी, आमचे जुने शेठ, गाडी घेऊन आले. सुनेला अन नातवाला घेऊन अजिंठ्याचा घाट चढून संभाजीनगरला जायचं होतं. म्हणाले, नाना, ब्रेक कधी लागतो, कधी नाही, बघ बरं. मी चारही चाकं उघडली, कुठं ऑइलचा थेंब नाही, पॅड चांगले, बसून पेडल दाबलं, टणक. म्हटलं शेठ, काही नाही, बिनधास्त जा. इंदू गाडी मागे घ्यायला बसली, अंगणापुरती तिला येत होती, अन आतूनच म्हणाली, आयका ना, हाऊ ब्रेक खाले जाई राहिना. म्हणजे आमच्या अहिराणीत, ब्रेक खाली चाललाय. मी म्हटलं, तू उतर. ती म्हणे, उतरस, पन हाऊ खाले जाई राहिना. शेठ हसले, काय नाना, आता वहिनी गाडी तपासणार अन तू चहा टाकणार? असा राग आला मला. परत बसलो, दाबून धरलं. म्हटलं बघ, टणक शे. ती खिडकीतून वाकली, म्हणाली, तुमना पाय पार खाले गयेल शे, देखा तरी.

पाहिलं. पाय खालच्या पत्र्याला टेकला होता अन मला पत्ता नव्हता. वाकून हातानं दाबलं, तर पेडल लोण्यात बोट जावं तसं सावकाश आत गेलं. पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलेलं, बाहेर थेंब दिसत नाही, अन दाबून धरलं की पेडल बसत जातं. परतीला घाट उतरताना ही गाडी थांबली नसती. शेठ गाडी ठेवून रिक्षानं गेले.

मग पाय दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले, म्हणाले, तळपायाला टोचलं की सांगा. मी म्हटलं, टोचा तर आधी. ते म्हणाले, केव्हाचा टोचतोय. साखरेनं तळपाय मेले म्हणे, परत येतील याचा भरवसा नाही. मी घरी आलो अन शेडला कुलूप लावलं. दुसरं काही येत नाही हो मला. इंदूनंच कुलूप काढलं, म्हणाली, मी दाबस, तुम्ही आयका.

आता तसंच चालतं. ती सांगते, मऊ शे, थरथरस, खाले जास, मी त्यावरून दोष काढतो. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, माझ्या पायाला कळत नाही, पटलं तर थांबा. काही जातात, बाई ब्रेक बघते म्हणून. शेठ येतात, पण आधी वहिनींना विचारतात, मला नंतर. लागतं मनाला, खोटं कशाला बोलू.

तिनं या वयात लायसन काढलं. रस्त्यावर गाडी तीच नेते, मी बाजूला. मेहरूणच्या तलावाकडं म्हैस आडवी आली की माझा पाय पुढच्या पत्र्यावर दाबला जातो, तिथं पेडलच नाही, तरी दाबतो. इंदू पुढं बघतच म्हणते, मी दाबेल शे, तुम्ही बठा ना गुपचूप. बसतो मग.