तिन्ही सेन्सर खोटारडे

बसा, तुम्हाला एक गंमत सांगतो. काल स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्या मागे एक गाड्या ट्यून करणारा आणि त्याचा मेहुणा. मेहुण्याची रविवारी रेस.

"दाजी, आता कुठल्या कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर घेणार?"

"चांगल्या. आधीचे तिन्ही खोटारडे निघाले. धुरातला ऑक्सिजन मोजून एंजिनाला पेट्रोल कमी पडतंय म्हणाले, म्हणून मी वाढवत गेलो."

"आणि माझी गाडी काळा धूर ओकायला लागली. तीन कंपन्यांनी मिळून तुमच्याविरुद्ध कट केला म्हणायचा."

"टिंगल नको. बसवायच्या आधी प्रत्येकाला मोकळी हवा दाखवली होती. त्यावरूनच तो पुढचं माप धरतो."

"कुठे दाखवली?"

"गॅरेजात."

"दार उघडं होतं?"

"धूळ येते रे. बंद होतं."

"आत आणखी काय चालू होतं?"

"तुझ्या ताईची गाडी. गरम करून ठेवली नाही तर बोलणी कोण खाणार?"

"म्हणजे सेन्सरला तुम्ही धूर हुंगवलात आणि वर सांगितलंत, बाळा, हीच शुद्ध हवा. तुम्हीही तीच घेत होतात ना? तरीच!"

"चांगल्या कंपनीच्या सेन्सरला एवढं कळायला नको?"

"दाजी, तिन्ही धडधाकट आहेत. धुरालाच शुद्ध हवा मानल्यावर त्यांना पुढे ऑक्सिजन जास्त नि पेट्रोल कमीच दिसणार. बाहेर नेऊन पुन्हा हवा दाखवू."

"छे! चौथा घेतल्याशिवाय मी गाडीला हात लावणार नाही."

मेहुण्यानं हळूच माझा खांदा धरला.

"काका, तुमचा नंबर आधी आहे. दुकानात एकच उरलाय. रविवारी माझी गाडी पळायला हवी हो, तेवढा सेन्सर तुम्ही घेऊन टाका."