माह्या मयतीले आलेला भाऊ

माहं नाव रेखा, लिहून घ्या मॅडम. माहेरचं गाव मारेगाव तालुक्यातलंच, पन नाव घेऊन काय करता, तिथं बस थांबत नाई, आपन हात दाखवला का ड्रायव्हर आपल्यालेच हात दाखवते अन् निंगून जाते. माहा बाप जिनिंगात कापसाची हमाली करे अन् दिवाळी झाली का गावच्या दंडारीत बाईचं काम करे, कारन तवा बाया काई स्टेजवर येत नव्हत्या, मानसंच लुगडं नेसून नाचत. बाप अशी झकास बाई व्हये का परगावचे लोक माह्या मायले इचारत, ते राणी कोनाची वो, अन् माय म्हने राणी माहीच हाये, लुगडंही माहंच हाये. लुगडं पावडरनं पांढरं होऊन घरी ये, मंग आठ दिवस माय त्याच्यासंग बोले नाई. बापाले वाक्यं ध्यानात राहत नव्हते अन् मले सारे पाठ, म्हनून मले पडद्यामांगं बसवत अन् मी तिथून सांगो. तवापासून माहा हा रोग हाये मॅडम, कोनाचं वाक्य चुकलं का मले चैन पडत नाई, मंग मी लगनात असो का मयतीत.

माहा मोठा भाऊ बबनदादा, त्याले हे बिलकुल खपे नाई. त्याचंही बरोबर होतं म्हना, शाळेतले पोट्टे त्याले हिरोईनचं पोरगं म्हनत अन् त्याच्यापुढं कंबर हालवून दाखवत. बाप वारला तवा दादानं बापाचे घुंगरू अन् गंगावन नदीत सोडून देले अन् मले म्हने, आता आपल्या घरात कोनी तोंडाले रंग लावाचा नाई. मी म्हनलं बरं. मंग त्याले झरी जामणीकडे मुकुटबनले शाळेत शिपायाची नौकरी लागली अन् मले मारेगावले देलं. आमचे मालक पंक्चरचं दुकान चालवतात, मी शाळेत पोरायची खिचडी शिजवतो म्हना ना, शिजवते, पाहा, तुमच्यापुढं बोलतानाही माहं मलेच सुधारावं लागते.

मंग बचत गटात एक साहेब आले, म्हने बायायनं संडासावर पथनाट्य कराचं, अन् हातात एक कागद देला. काय सांगू तुमाले, त्या कागदातली बाई नवऱ्याले म्हने, नाथ, आपण उघड्यावर जाऊ नये. आता आमच्या इकडे कोनती बाई नवऱ्याले नाथ म्हनते. मी तो कागद चुलीत घातला अन् कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर दुसरं लिहून काढलं, अन् सरपंचाचं काम कोनी घेईना त मिशी लावून मीच केलं. बाया इतक्या हासल्या का साहेबाले वाटलं आपल्यालेच हासून राह्यल्या. तिथं सलीमभाई उभा होता, मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाये त्याचं, तो म्हने भाभी, ये तो यूट्यूब पे डालना पडेगा. तवापासून मी लिहतो, मी नाचतो, सलीमभाई मोबाईलवर काढते अन् मालक नवऱ्याचं काम करतात, कारन दुसऱ्या मानसानं माहा नवरा व्हावं हे त्यायले पसंत नाई.

लिहाले मी कुठं बसत नाई बरं. चक्कीवर दळणाचा डब्बा घेऊन नंबर लावतो अन् बाया काय बोलतात ते आयकत राहतो, एका दळणात एक व्हिडिओ निंगते. आता बाया हुशार झाल्या, मी आली का गप बसतात, म्हनून मी डब्बा ठेवून देतो अन् भिंतीच्या तिकडून उभी राहतो.

पन पयला व्हिडिओ गेला अन् दादाचा फोन आला. मिशी लावली म्हने तू. मी म्हनलं हो. बस, फोन ठेवला. नऊ वर्षं मॅडम, नऊ वर्षं ना दिवाळीले आला, ना भाऊबिजेले, ना माह्या पोरीच्या लगनाले. लगनात मामाची जागा रिकामी राह्यली त दुसराच कोनी उभा केला. लोकायले मी पोट धरधरू हासवो अन् घरी आली का भाऊबिजेले चंद्राले ओवाळून जेवो. मले माहं काम बी पायजे होतं अन् माहा भाऊ बी पायजे होता, अन् दोन्ही एका घरात येत नव्हते.

मंग मी ते मेल्याचं नाटक लिहलं. एक बाई मरन्याचं सोंग करते, आपल्या मांगं कोन कोन रडते ते पाह्यासाठी, इतकीच गोष्ट. आमच्याच आंगनात शूटिंग. तिरडी बांधाले गावातले खरेच बांधनारे किसनबाबा आले, मी म्हनलं बाबा कच्ची बांधली तरी चालते, ते म्हने चाळीस वर्षांत माह्या तिरडीवरून कोनी पडलं नाई, तू काहून पडशीन. नाकात कापूस घातला, कापसाले आपल्या इकडे काय तोटा. शेजारच्या बाया रडाले बसवल्या त सिंधूकाकू असा गळा काढून रडे का माह्या आंगावर काटा आला, पन मधातच म्हने, माय वो रेखे, माहं मिक्सरचं भांडं न देताच गेली वो. अन् मालकायले एकच वाक्य होतं, आता माहं कसं होईन, ते त्यायच्यानं होईना. मी चार वेळा तिरडीवरून उठून सांगतलं का जी, माह्याकडे पाहून म्हना, भिंतीकडे नाई.

आता चूक कुठं झाली पाहा. सलीमभाईनं माहा तिरडीवरचा फोटो सकाळीच स्टेटसले टाकला, खाली एक अक्षर लिहलं नाई, म्हने भाभी, सस्पेन्स रहेगा. दोन घंट्यात तालुकाभर झालं. माहा फोन घरात पडला होता, त्याच्यावर मलेच भावपूर्ण श्रद्धांजली येऊन राह्यली. चौकात फ्लेक्स लागला, अन् फोटो कोनता, त मिशीवाला. गल्लीत मयत म्हनून कोनी चूल पेटवली नाई, अन् आमी आंगनात आपले शूटिंगात, आमाले काईच पत्ता नाई.

तितक्यात ऑटो थांबला. माहे डोये बंद होते. पावलं आयकू आले अन् बाया एकदम गप झाल्या. मले वाटलं सिंधूकाकू थकली. मंग कोनी माह्या पायावर काईतरी मऊ ठेवलं अन् उशाशी येऊन बसलं, अन् आवाज आला, रेखे. दादाचा. मले तवा उठाले पायजे होतं, पन खरं सांगतो, मी उठली नाई. नऊ वर्षांनं त्यानं माहं नाव घेतलं होतं, मले अजून आयकाचं होतं.

तो म्हने, रेखे, मी तुह्ये सारे व्हिडिओ पाह्यले वो. शाळेच्या खिचडीच्या खोलीत दार लावून पाहो, कोनी पाहू नये म्हनून. तू त्या सरपंचात आपल्या बाबासारखी चालतं, मले बाबा दिसे. फोन लावाले हात जाये अन् लाज आडवी ये. अन् तो रडत रडत सिंधूकाकूले सांगे, आमची रेखा कशी बोले माहीत हाये का, अन् माह्या सरपंचाचा जोक सांगाले लागला. त्याच्यात लोक आधी इचारतात पाच वर्षात काय केलं, मंग तो जवाब देते. पन दादानं काय केलं, त्यानं सरपंचाचा जवाबच आधी सांगून टाकला अन् प्रश्न मांगून इचारला. मॅडम, मी लय दाबलं. दात आवळले. पन नाई जमलं. डोये बंद ठेवूनच मी म्हनली, दादा, आधी प्रश्न, मंग जवाब, नाईतर कोनी हासत नाई.

दादासंग आलेली वहिनी तिथंच दळणाच्या डब्ब्यावर बसली. दादा उभा झाला, पांढराफट, म्हने मले रडोलं तू, मुकुटबनपासून ऑटोत रडत आलो मी, अन् तू इथं नाटक करतं. अन् चालू लागला. मी नाकात कापूस तसाच, त्याच्यामांगं गल्लीत पळाली. चौकात लोक फ्लेक्सले हार घालत होते, त्यायनं मले पाह्यलं अन् हार हातातच राह्यला. मी दादाचा हात धरला. मी म्हनलं, मार मले, पन जेवून जा. अन् घरी चूल त पेटलीच नव्हती. तवा वरच्या गल्लीतल्या बाया कडू घास घेऊन आल्या, पिठलं-भाकर, मयतीच्या घरी देतात तो. आता देला त परत कसा न्यावा. दादानं अन् मी एका ताटात माह्याच मयतीचा कडू घास खाल्ला. तिसऱ्या घासाले दादाले हासू आलं अन् त्याले ठसका लागला, मी त्याच्या पाठीवर मारत राह्यली अन् रडत राह्यली.

सलीमभाईच्या मोबाईलात हे सारं आलं होतं. तो म्हने भाभी, लाखों लोग देखेंगे. मी म्हनलं पुसून टाक. लोकायले दाखवाले माह्याजोळ बक्कळ हाये, चक्की अजून बंद पडली नाई.

अन् दादानं माह्या पायावर ठेवली होती ते माहेरची साडी होती, हिरवी. नवरा जित्ता असताना बाई गेली का भाऊ आनते तशी. दादा म्हने नदीत सोड हे, अपशकुनी हाये, दुकानदार बी वापस घेनार नाई. मी देली नाई. औंदा भाऊबिजेले दादा आला, मी तेच नेसून पाट मांडला, वहिनीनं तोंड फिरवलं, पन दादा पाटावर बसला. तशी साडी त साऱ्याच बायायले भेटते मॅडम, पन ते नेसून, ते आनून देनाऱ्यालेच ओवाळाले कोनाले भेटलं हो.