पिन फिरवणाऱ्या हाताविषयी

मंडळी, जरा पुढं सरका. मागच्यांले ऐकू येणार नाही. आज माईक लावला नाही, मीच लावू दिला नाही. सुखदेवभाऊच्या शोकसभेत माईक हातात धरायची माझी हिंमत नाही.

मी वहाब. अमरावतीत भाऊच्या लाउडस्पीकरच्या दुकानाले लागून माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मले भाषण येत नाही. एका जागी उभं राहणंही जमून नाही राहिलं, ते तुमाले दिसतच आहे. भाऊ गेले तेव्हापासून असाच फिरून राहिलो. दुकान उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो.

भाऊ दिलदार होते, हसतमुख होते, हे आधीच्या लोकांनी सांगितलं. होतेच. मले म्हणायचे, "वहाब, तुह्या दुकानातल्या रेडिओपेक्षा तूच जास्त खरखर करतं." रोज म्हणायचे. आता कोण म्हणणार?

पण मंडळी, मी गुण सांगाले उभा नाही. भाऊ कसे गेले, ते सांगाले उभा आहे. वहिनी, तुमची माफी मागून सांगतो. ऐकवणार नाही, पण ऐका. कारण गावात एक गोष्ट पसरून राहिली आहे. चहाच्या टपरीवर, नळावर. "भावानंच करंट देल्ला म्हने." मी माझ्या कानानं ऐकलं. ज्यानं म्हटलं तो इथंच बसला आहे आणि आता खाली पाहून राहिला.

तो पाहा, खांबाशी बसला आहे तो प्रल्हाद. भाऊचा धाकटा भाऊ. धड जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. त्याची बायको काल घरी येऊन माझ्या बायकोजवळ रडली. म्हणे, "ते एकच म्हनून राहिले, भाभी. म्या मारलं, म्या मारलं." मले भीती वाटते, मंडळी. सरळ सांगतो. एक भाऊ गेला. दुसराही हातचा जाईल, याची मले भीती वाटते.

तर ऐका काय झालं.

यंदा कापसाच्या जिनिंगचा हंगाम सुरू झाला, संध्याकाळी लाइट मंद होऊ लागले. तुमाले माहीत आहे, जिनाच्या मोटारी लागल्या की घरचा बल्ब पिवळा पडतो. त्या वर-खाली होण्यात भाऊच्या लाउडस्पीकरच्या मशीनच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर जळला. भाऊनं बाहेरगावी दुसरा बसवून आणला. आले ते नाचतच. "पाय वहाब, एका हातानं उचलते! आंधी दोन मानसं लागत होती!" मशीन हलकी झाली, आवाज चढला. सगळे खूश. मीही खूश. हलकी काहून झाली, हे कोणी विचारलं नाही.

मी ती मशीन भाऊ गेल्यावर खोलली. पोलिसांसमोर खोलली. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेटोळी होती, एकमेकांपासून अलग. समजा दोन खोल्या आणि मधात भिंत. या खोलीतली हाक त्या खोलीत ऐकू येते, पण माणूस भिंतीतून पलीकडं जात नाही. तसं जोर जातो, लाइनीचा करंट जात नाही. त्या भिंतीसाठीच ते वजन असते. नव्यात वेटोळं एकच होतं. भिंतच नव्हती! लाइनीची एक तार सरळ मशीनच्या पत्र्याले जोडलेली, आणि पत्र्यापासून माईकच्या दांड्याले.

आता बोर्डात खोचायच्या पिनीले दोन पाय. एका बाजूनं खोचली तर पत्र्यावर थंडी तार येते, काही होत नाही. उलटी खोचली तर करंटची तार येते. बाहेरून काहीच दिसत नाही. मशीन तशीच गाते.

अकोल्याले जयंतीचा कार्यक्रम होता. धूळ उडू नये म्हणून पोरींनी अंगणात पाणी शिंपडलं होतं. ज्यांची जयंती त्यांचा फोटो मंचावर होता, म्हणून भाऊनं चपला खाली काढल्या. काढणारच. तुमी काढता, तेही काढायचे. सतरंजी खालून ओली झाली होती. भाऊनं माईकचा दांडा धरला, "हॅलो, हॅलो" म्हटलं. भोंग्यातून गुणगुण येऊन राहिली होती. भाऊनं मंचावरूनच आवाज देल्ला, "प्रल्हाद, पिन उलटी कर रे!"

प्रल्हादनं पिन उलटी केली.

एवढंच झालं, मंडळी. एवढंच.

गुणगुण आली की पिन उलटी करायची, हे कोणी शिकवलं? आपण सगळ्यांनी एकमेकांले शिकवलं. दर्यापुरात करतात, नांदगावात करतात, हिवरखेडच्या लग्नात मी स्वतः पाहिलं. बरं, इथं ज्यानं आपल्या घरच्या रेडिओची पिन कधी फिरवली नाही, त्यानं हात वर करा. करा ना! लाजू नका.

पाहा. एकही हात नाही.

मंग काहून म्हणता भावानं मारलं? कोणी म्हणते नशीब. कोणी म्हणते वेळ भरली होती. मले राग येते, मंडळी! त्या मशीनमध्ये एक वेटोळं कमी होतं, याले नशीब म्हणू नका. नशीब म्हटलं की मशीन उद्या पुन्हा कोणाच्या तरी मंचावर जाईल.

हंगाम अजून सरला नाही. अशा हलक्या मशिनी अमरावतीत आणखी असतील, अकोल्यातही असतील. ज्याच्याजवळ असेल त्यानं माझ्या दुकानात आणावी. मी शिव्या देईन, पण खोलून पाहीन. तोवर भोंगा गुणगुण करत असेल तर करू द्या. आणि हात जोडून एक मागतो. तुमी मंचावर चपला काढता, काढा, मी कोण सांगणारा? पण माईकवाल्याच्या पायात चप्पल राहू द्या. फोटोतला माणूस त्यानं रागावणार नाही.

वहिनी, तुमी मले त्या दिवशी विचारलं होतं, "त्याईले लय दुखलं असन का?" तेव्हा मी तोंड फिरवून गेलो. मले खरंच माहीत नाही, वहिनी. पण शेवटचं त्यांनी हाक मारली ती प्रल्हादले, आणि भरवशानं मारली. तो भरवसा खोटा नव्हता.

प्रल्हाद, इकडं पाय. पाय म्हटलं ना! तुह्या भावानं सांगितलं, तू ऐकलं. लहानपणापासून ऐकत आला, तसंच ऐकलं. तुह्या जागी मी असतो तर मीही पिन फिरवली असती. इथं बसलेल्या प्रत्येकानं फिरवली असती. ऊठ. ये, माझ्याजवळ उभा राय.

वहिनी, तुमी काहून उठल्या? ... बरं, या. या. त्याच्या बाजूले उभ्या राहा.

मंडळी, आता सगळे उठा. तुमी वंदना म्हणाल, मी मनातल्या मनात दुवा मागीन. त्याच्या आधी दोन मिनिटं गप्प उभं राहू. भाऊसाठी दोन मिनिटं पुरे आहेत, ते मोठ्या मनाचे होते. त्या मशीनबद्दल मात्र गप्प राहू नका. टपरीवर बोला, नळावर बोला, घरोघरी जाऊन बोला.

आणि पिन कोणी फिरवली, याबद्दल जन्मभर गप्प राहा.