बाईंची तारीख

विद्यार्थिनी : फक्त एका दिवसानं चुकलंय हो काका. बाईंनी ट्रस्टला नुसता एक फोन केला तरी घेतील ते अर्ज. बाई वर आहेत का?

मिस्त्री : आधी बस. ते नको, त्याला तेल लागलंय. ते दुसरं स्टूल ओढ. कसला अर्ज?

विद्यार्थिनी : शिष्यवृत्तीचा. रशियन भाषा आणि तिकडच्या प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी आहे. सहा महिने तिथल्या विद्यापीठात. जाण्यायेण्याचं भाडं, राहणं, जेवण, सगळं ट्रस्ट बघतो. आमच्या विभागात बाईंनी केलेली यादी लावलीय ना, कोण कशासाठी मदत देतं, कागद कोणते लागतात, शेवटची तारीख कोणती. त्यात या ट्रस्टपुढे लिहिलंय, दरवर्षी या महिन्याची पाच. आणि आज सहा.

मिस्त्री : अजून आहे ती यादी?

विद्यार्थिनी : आहे की. कडेनं जरा फाटलीय. खाली पत्ता होता, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. म्हणून आले.

मिस्त्री : कॉलेजात तुला कुणी काही बोललं नाही?

विद्यार्थिनी : मी याच वर्षी आलेय, दुसऱ्या कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, बाई लांबच्या रजेवर आहेत.

मिस्त्री : भला माणूस आहे तो. त्याच्या तोंडून निघत नसेल. आठ महिने झाले तिला जाऊन.

विद्यार्थिनी : कुठे? म्हणजे... अगं बाई. काका, मला खरंच माहीत नव्हतं. मी येते, नंतर...

मिस्त्री : बस गं. बाहेर जाऊन रडणार, की इथं? अर्ज भरलायस?

विद्यार्थिनी : काल रात्री पूर्ण झाला. रशियनमध्ये निबंध लिहायचा होता, चार वेळा फाडला.

मिस्त्री : मग काही बिघडलं नाही. ती पाच तारीख खोटी आहे.

विद्यार्थिनी : खोटी म्हणजे?

मिस्त्री : खरी पंधरा असली की ही पाच लिहायची. तुम्ही मुलं सगळी शेवटच्या दिवशी उगवता. एकाकडे फोटो नसतो, एकाला प्राचार्यांची सही हवी असते आणि प्राचार्य गावाला. म्हणून आधीची लिहायची. पंचवीस वर्षं पोरांना शेंडी लावली तिनं. कुणाला पत्ता लागला नाही.

विद्यार्थिनी : आणि मी सकाळपासून बसस्टॉपवर रडतेय.

मिस्त्री : घरातही तेच. गाडी सातची असली की मला साडेसहा सांगायची. मग मीही हुशार झालो. ती काही म्हणाली की मनातल्या मनात अर्धा तास मिळवायचा आणि आरामात निघायचं.

विद्यार्थिनी : आमची आई घड्याळच पुढं करून ठेवते.

मिस्त्री : सगळ्या एका माळेचे मणी. त्या दिवशी दवाखान्यातून आली आणि म्हणाली, डॉक्टर म्हणतात, उन्हाळा तेवढा निघेल. मी मिळवले माझे. म्हटलं, ही हिची तारीख, खरी पुढे असणार. दोनतीन महिने तरी. लग्नसराई होती, कपडे शिवणाऱ्यांची मशीनं रांगेनं पडली होती. म्हटलं, एवढी हातावेगळी करू, मग दुकान बंद आणि तिच्यापाशी बसू.

विद्यार्थिनी : मग?

मिस्त्री : तेवढी एक तिनं खरी सांगितली होती.

विद्यार्थिनी : ...काका, पाणी आणू का?

मिस्त्री : नको. तो पेचकस दे, बारका. हे मशीन टाके सोडतंय. हं, तुझं बोल.

विद्यार्थिनी : यादी गेल्या वर्षीची आहे. यंदाही पंधराच असेल कशावरून? ट्रस्टमध्ये फोन कुणी उचलत नाही. आणि मला हे चुकवायचं नाहीय. तीन वर्षं झाली ही भाषा शिकतेय, पण ती घरात बोलणारा एक माणूस मी पाहिला नाही. सगळं हेडफोनमधून. तिकडच्या नद्या मला पाठ आहेत, पण एखादी आजी भाजीवाल्याशी भांडते कशी, ते ऐकलं नाही. तेवढं एकदा ऐकायचंय. पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसणार, मग कोण पाठवणार मला?

मिस्त्री : ट्रस्टचं पत्र येतं दरवर्षी. तिच्या नावानं.

विद्यार्थिनी : यंदाचं आलं?

मिस्त्री : आलं असेल. त्या खणात बघ, दोऱ्याच्या रिळांखाली.

विद्यार्थिनी : काका, ही आठनऊ पाकिटं आहेत. एकही फोडलेलं नाही.

मिस्त्री : तिच्या नावाची आहेत.

विद्यार्थिनी : हो, पण आता...

मिस्त्री : एकदा फोडलं होतं मी. मुलगा दोन वर्षांचा होता, आई अंथरुणावर. तिनंही अर्ज केला होता, शिक्षकांसाठी असतो तसला. निवड झाल्याचं पत्र आलं, ती कॉलेजात होती. मी पत्र वाचलं आणि गिऱ्हाइकांच्या पावत्यांत ठेवलं. नाही म्हणणार नव्हतो. देवाशपथ नाही म्हणणार नव्हतो. नुसतं म्हटलं, आधी आपण विचार करू, मग देऊ.

विद्यार्थिनी : किती दिवस ठेवलंत?

मिस्त्री : दहा. तोवर त्यांना होकार कळवायची मुदत गेली होती.

विद्यार्थिनी : आणि बाई?

मिस्त्री : भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या वर्षापासून ती यादी लावायला लागली. स्वतः मात्र परत कधी अर्ज भरला नाही. मी म्हणायचो, आता जा, मुलगा मोठा झाला. ती म्हणायची, आता पोरं जातात ना.

विद्यार्थिनी : हे बघा, हे ट्रस्टचं. पाठीवर शिक्का आहे. तुम्ही फोडा.

मिस्त्री : तू फोड.

विद्यार्थिनी : मला नाही जमणार. मी तर त्यांना पाहिलंही नाही.

मिस्त्री : दे इकडे.

(मिस्त्री हात पुसून पेचकसाने पाकिटाची कड उघडतो.)

मिस्त्री : चष्मा वर राहिला. काय लिहिलंय?

विद्यार्थिनी : ‘आदरणीय बाई’... फॉर्म तोच आहे... दोन जागा... आई गं. काका, तारीख बदललीय. यंदा आठ.

मिस्त्री : म्हणजे परवा. टपालानं नाही पोचायचं. स्वतः जा, उद्या सकाळीच. कागद घेतल्याचा शिक्का मारून घे, त्याशिवाय उठू नकोस. तिथला शिपाई उद्या या म्हणेल, तू हलायचं नाही. फोटो किती घेतलेस?

विद्यार्थिनी : दोन.

मिस्त्री : चार ने.

विद्यार्थिनी : नेते. मी पंधरा धरून बसले असते तर गेलंच होतं. ही बाकीची पुन्हा खणात ठेवू?

मिस्त्री : नको. त्यातही कुणाची तरी मुदत चालली असेल. ते वरचं, रंगीत तिकिटाचं, कुठलं आहे?

विद्यार्थिनी : तिकडच्या विद्यापीठाचं. हाताने लिहिलेला पत्ता आहे. फोडू?

मिस्त्री : थांब, मी फोडतो. हं. घे.

विद्यार्थिनी : हे सगळं रशियनमध्ये आहे. कुणीतरी बाईंची जुनी विद्यार्थिनी दिसतेय, तिथंच शिकवते आता. वाचून मराठीत सांगते तुम्हाला.

मिस्त्री : ते नंतर सांग. आधी आहे तसंच वाच. जरा मोठ्यानं.