रोज चालवतो म्हणे

तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायचा तरी कोणावर? विकणाऱ्यावर ठेवू नये एवढं मला कळतं, कारण एकतीस वर्षं मीच विकतोय... गालिचे, लाकडी फरशा, स्वयंपाकघरात अंथरायचं लिनोलियम. अमेरिकेत, ईरी शहरात पीच स्ट्रीटवर दुकान आहे, या कधीही, कॉफी तयार असते. पण घरच्या माणसाचं काय? सख्ख्या साडूचं? तो सासूबाईंच्या टेबलाशी बसतो, त्यांच्या हातची बटाटा भरलेली उकडलेली पिएरोगी तोंडात असते, आणि काट्याने खिडकीबाहेर दाखवत म्हणतो, "साडूभाऊ, ती बघा. ती मी रोज चालवतो."

रोज चालवतो म्हणे.

साडूचं नाव ड्वेन. शाळेत बँड शिकवतो, म्हणजे पगार काय असेल ते तुम्हाला सांगायला नको. आणि बाहेर उभी काय, तर सतरा वर्षांची जुनी जर्मन गाडी, चार दरवाजे, काळीभोर, लांबून बघाल तर विमा-एजंटाची वाटावी, आणि पोटात पाचशे घोडे. नवी होती तेव्हा मोठमोठे सर्जन घ्यायचे, आता जुनी म्हणून ड्वेनला चौदा हजार डॉलरांत मिळाली. माझी व्हॅन त्याहून महाग आहे हो, पण तिला गालिच्याच्या गोंदाचा वास येतो! मला हेवा वाटला का? छे. मी फक्त ताटातली पिएरोगी अर्धी टाकून उठलो, आणि माझी बायको जॅनिस म्हणाली, "कॅझ, पोट बिघडलंय का?" पोट नव्हतं बिघडलं.

पण गाडीचं सोडा, गाडीचं मी सोसलं असतं. खरं दुखणं कॅलेंडरचं. सासूबाईंच्या फ्रिजवर चर्चचं कॅलेंडर असतं, ते दफनविधीवाले दरवर्षी फुकट वाटतात, आणि दर रविवारच्या चौकोनात सासूबाई लिहितात, दहाच्या प्रार्थनेला आपल्याला कोणी नेलं. वीस वर्षं त्या चौकोनांत कॅझ, कॅझ, कॅझ. एक्याऐंशी वर्षांची बाई, माझ्या व्हॅनमध्ये गालिच्यांच्या गुंडाळ्यांना टेकून वीस वर्षं देवाकडे गेली, कधी कुरकुर नाही. आणि मे महिन्यात ड्वेनने त्यांना तळ्याकाठच्या रस्त्यावरून एक चक्कर मारून आणलं. परत आल्या त्या गाल लाल करून, डोक्याचा रुमाल मानेवर सरकलेला. म्हणतात कशा, "ड्वेन बाळा, पुढच्या रविवारी तूच ये रे." आणि माझ्याकडे वळून, "जावईबापू, तुम्हाला दुकानाची कामं असतात, उगाच त्रास कशाला."

बघा, तो बाळा आणि मी जावईबापू. वीस वर्षं त्रास नव्हता, तो एका चकरेत व्हायला लागला. मग मे महिना ड्वेन, जून ड्वेन, जुलै ड्वेन. कोकच्या बाटलीसाठी फ्रिज उघडायला गेलो की समोर ते चौकोन. मी बाटली न घेताच परत येऊ लागलो.

शेवटी मी ठरवलं. तश्शीच गाडी घ्यायची, पण ड्वेनपेक्षा सरस. आणि आमच्या ईरीत सरस म्हणजे काय? तळ. नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीला खालून खातं. वरून नवरीसारखी दिसणारी गाडी खालून जाळी झालेली असते. म्हणून इथला माणूस गाडी बघायला गेला की आधी पाठीवर झोपतो. शहाणी माणसं चांगली गाडी हिवाळ्यात झाकून ठेवतात आणि एक हिवाळी खटारा बाळगतात, गंजला तर गंजला. ड्वेनला मी विचारलं होतं, "मग हिवाळ्यात काय करणार?" तर खांदे उडवून म्हणाला, "साडूभाऊ, गाडी चालवायला असते, झाकायला नाही." झालं... हे ऐकून जॅनिससुद्धा त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागली.

ऑगस्टमध्ये मी विमानाने ॲरिझोनाला गेलो. का? तर तिथे मीठ नाही. विकणारा एक निवृत्त दंतवैद्य, मिस्टर प्रेस्कॉट, पांढरे दात, पांढरे बूट. गाडी रुपेरी, झळझळीत. मी नमस्कार-चमत्कार न करता सरळ तिच्याखाली झोपलो. आणि तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. सतरा वर्षांची गाडी आणि खाली एक ठिपका गंज नाही, कारखान्यातला रंगसुद्धा जागच्या जागी. असा तळ मी आयुष्यात पाहिला नव्हता. बाहेर आलो, बॉनेटवर हात ठेवला, तर चटका बसला. म्हटलं, ॲरिझोना आहे, ऑगस्ट आहे, ऊन आहे. मग प्रेस्कॉट हळूच म्हणाला, "खरं सांगू? मला ती विकायचीच नव्हती. पण तुम्ही तिच्याकडे ज्या नजरेने बघितलंत..."

अहो, हे माझं वाक्य आहे! इराणातल्या काशानच्या जुन्या गालिच्यासाठी मी एकतीस वर्षं हेच वाक्य वापरतोय! तरी खिशात हात गेला. एकोणीस हजार.

गिऱ्हाइकांना मी काय सांगतो? वरचं बघू नका, खालचं अस्तर बघा. आणि मी काय केलं? खालचंच बघत बसलो. इंजिन कोणी बघायचं?

ते इंजिन प्रेस्कॉटने मी यायच्या आधी अर्धा तास चालवून ठेवलं होतं. अशा गाडीत एक साखळी असते, ती झिजली की थंड इंजिन सुरू होताना खळखळते, गरम झालं की गप्प. हे मला पुढे माझ्या मेकॅनिकने सांगितलं. तेव्हा मात्र मी दोन हजार मैल राजासारखा आलो. वाटेत मोटेलांमध्ये मुक्काम, रोज सकाळी किल्ली फिरवली की दोन सेकंद खळ खळ खळ... मला वाटायचं, जिन्याखाली बर्फाचं मशीन आहे. चारही मोटेलांत बर्फाचं मशीन. मी म्हटलं, सोयी चांगल्या आहेत.

घरी आल्यावर गाडी दुकानामागच्या उंच, खालून मोकळ्या रॅम्पवर चढवली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून खालून दाखवली. माणसं हात मागे बांधून तळाखाली उभी राहिली, प्रदर्शनात राहतात तशी. ड्वेनही आला. बराच वेळ वर बघत होता. एवढं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं. मग मी गाडी सुरू केली, आणि त्याने मान तिरकी केली. बँडमास्तर ना तो. "साडूभाऊ, झांजा कोण वाजवतंय?"

"बर्फाचं मशीन," मी सवयीने म्हणालो.

"इथे कुठलं?"

मी विषय बदलला. पण सासूबाई खूश झाल्या, रुपेरी रंग आपल्याला शोभतो म्हणाल्या, आणि सप्टेंबरपासून न्याय झाला. एक रविवार माझा, एक ड्वेनचा. मेकॅनिक म्हणाला होता, साखळी बदलायची तर इंजिन खाली उतरवावं लागेल, दोन महिने गाडी माझ्याकडे राहील. दोन महिने? म्हणजे चार रविवार ड्वेनला आंदण? मी म्हटलं, बघू उन्हाळ्यात. थंडी वाढली तशी खळखळ दोन सेकंदांची पाच झाली, पाचाची दहा. जॅनिस म्हणायची, "कॅझ, व्हॅन घे ना." व्हॅन घेऊ? आणि तो तिकडे रोज चालवणार? रोज चालवतो म्हणे.

मग नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा रविवार, माझा. रात्रभर बर्फ पडलेलं, रस्त्यावर मीठ. सासूबाई फरची टोपी घालून पुढे बसल्या, गाडी खळखळली आणि या वेळी थांबेचना. "जावईबापू, काही तळायला ठेवलंय का?" म्हणाल्या. मी रेडिओ मोठा केला. स्टेट स्ट्रीटच्या सिग्नलला डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, नाताळच्या झाडासारखे, आणि गाडी मेली.

मी बंद गाडी ओढून नेणारा टो-ट्रक बोलावला. सासूबाईंनी माझ्यादेखत आपला घडीचा फोन उघडला. "ड्वेन बाळा, तुझी गाडी घेऊन ये रे, जावईबापूंची संपली." ते शब्द ऐकताना मी स्टिअरिंग कसं धरलं होतं, ते तुम्ही बघायला हवं होतं.

बारा मिनिटांत ट्रक आला. पिवळा, दुमजली घराएवढा. चालवणारी बाई होती, रॉन्डा. आणि त्याच्यामागून... मी आरशात बघतोय, काळी गाडी दिसायची वाट बघतोय... तर आला एक पिकअप. गंजून विटकरी झालेला, एकच दिवा, दरवाजा चिकटपट्टीने धरलेला. आत ड्वेन, कानटोपी भुवयांपर्यंत.

मी विचारलं, "गाडी कुठाय?"

"गॅरेजात."

"बिघडली?"

"नाही हो. मीठ पडलंय ना."

"म्हणजे हिवाळ्यात झाकून ठेवतोस?"

त्याने कानटोपी आणखी खाली ओढली.

"आणि मीठ नसताना शाळेत कशाने जायचास?"

त्याने पिकअपकडे बघितलं. पिकअपमधून एक तुकडा रस्त्यावर पडला. "शाळेच्या पार्किंगमध्ये पोरं दरवाजे आपटतात हो, साडूभाऊ," तो पुटपुटला. "फक्त रविवारी काढतो. तेही रस्ता कोरडा असेल तर."

रोज चालवतो म्हणे! मला नाचावंसं वाटत होतं. मी वळलो, सासूबाईंना म्हटलं, "ऐकलंत का आई?"

पण सासूबाई तिथे नव्हत्या. त्या रॉन्डाचा हात धरून पिवळ्या ट्रकात चढल्या होत्या. वरून खिडकीची काच खाली करून म्हणाल्या, "तुम्ही दोघं बोला निवांत. आम्हाला दहाला पोचायचंय."

मग चर्चपर्यंत वरात निघाली ती अशी: पुढे ट्रक, वरचा पिवळा दिवा फिरतोय, तो सासूबाई स्वतः बटण दाबून फिरवतायत. मागे माझी रुपेरी गाडी, पुढची चाकं हवेत. आणि तिच्यामागे पिकअपमध्ये आम्ही दोन साडू, खालच्या भोकातून माझ्या बुटात मिठाचं पाणी येतंय. चर्चच्या पायऱ्यांवर सगळी मंडळी उभी. ड्वेन समोर बघत म्हणाला, "काही म्हणा साडूभाऊ, तळ मात्र अजून चकाचक आहे."

त्या दुपारी जेवायला गेलो, कोकची बाटली घ्यायला फ्रिजपाशी गेलो. त्या रविवारच्या चौकोनात कॅझ नाही, ड्वेनही नाही. सासूबाईंनी सुंदर अक्षरात लिहिलंय, रॉन्डा. शेजारी एक छोटा ट्रक काढलाय. वीस वर्षांत माझ्या व्हॅनचं चित्र कधी काढलं नाही. आणि जेवताना विचारतात, "जावईबापू, ती बाई दर रविवारी येते का हो?"

आता माझी गाडी मेकॅनिककडे सुटे भाग होऊन पडलीय, ड्वेनची चादरीखाली आहे, आणि हेवा मला कोणाचा वाटतो, तर टो-ट्रकचा. असो. मेपासून तीस रविवार झाले. ड्वेनचे तेवीस, माझे सहा. एक उरतो. ड्वेन म्हणतो तो कोणाचाच नाही. तुम्ही तिऱ्हाईत माणसं, म्हणून तुम्हाला सांगतो, हिशोब तुम्हीच ठेवा, पण प्रामाणिकपणे ठेवा. ट्रक आला कोणाच्या गाडीसाठी? माझ्या. मग लिहून घ्या... कॅझ, सात.