एनेलेसीच्या घरच्या खुर्च्या

—नाही हो मॅडम, गाव तुम्हाला टाळत नाहीये, तसं मनातही आणू नका, शेजारच्या वाडीत मयत झालीय, गावप्रमुख नामसोको तिकडेच आहेत, माती देऊन झाली की येतील, आणि ते आल्याशिवाय सभा सुरू व्हायची नाही. तोवर इथेच झाडाखाली बसा, हे थोबवा घ्या. मक्याचं आहे, गोड आहे, चढत नाही, आमच्याकडे लहान पोरंसुद्धा पितात. घ्या. मी बिझिविक. इथलाच. म्हणजे लग्नानंतर तीस वर्षं बायकोच्या गावात काढली, ती गेली तेव्हा आईच्या गावी परत आलो, बहिणीच्या अंगणाला लागून घर बांधलं. तुमचं आडनाव न्यिरेंडा ना? म्हणजे उत्तरेकडच्या. तिकडे बाई नवऱ्याच्या घरी नांदायला जाते म्हणे. आमच्याकडे पुरुषच जातो, आणि जिथे जातो तिथे जन्मभर पाहुणाच राहतो. त्याचं खरं घर म्हणजे बहिणीचं. तिची पोरं आजारी पडली—मामाला बोलवा. नातीला मागणी आली—मामाला विचारा. मका संपला—मामा काय करतोय? तुमच्याकडे मामा नुसता लाड करत असेल. आमच्याकडे मामानं घर राखायचं असतं. मी एनेलेसीच्या घराचा मामा. हो, एनेलेसी माझी धाकटी बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण दिसते मोठी.

ती यायची आहे सभेला. ते बघा—नाही, ती नाही, ती दुसरी कुणी.

मी बोलत होतो ते... हां, यादी. तुमच्या पिशवीत गेल्या वर्षीची यादी आहे ना, आज परत वाचायची? गावातली सगळ्यात गरीब अकरा घरं. एकशेदहा घरांतली अकराच, दहातलं एक, बाराव्याला जागा नाही—हे आम्हाला पाठ झालंय आता, पोरं खेळताना म्हणतात. रेडिओवर तुमचे साहेब सांगतात, देशाचा मोठा आराखडा झालाय, अमुक साली गरिबी निम्मी होणार, कारभार सगळा उजेडात होणार, यादी गावासमोर वाचणार. चांगलंच आहे. मी नावं ठेवत नाही. परदेशातून कुणीतरी पैसा देतं, का देतं देव जाणे, पण यादीतल्या घरी भुकेच्या महिन्यांत मक्याचं पोतं येतं, आणि घरातलं पोर माध्यमिक शाळेला लागलं तर त्याची फी भरली जाते. मी एवढंच म्हणतोय की त्या यादीत एक घर राहिलंय. माझ्या बहिणीचं. —हसलात. हसा. प्रत्येक गावात एक म्हातारा तुम्हाला गाठून हेच सांगत असेल, नाही? माझी बहीण राहिली, माझी सासू राहिली. पण ऐकून तरी घ्या, नामसोको यायला अजून वेळ आहे, मयताला भाषणं फार होतात.

चूक एनेलेसीचीच आहे, मी तिची बाजू घेत नाही. गेल्या वर्षी तुमच्या आधी एक तरणा साहेब आला होता, हातात ती काचेची पाटी, बोटानं टिचक्या मारायचा आणि घर लिहिलं जायचं. आदल्या दिवशी निरोप आला—उद्या साहेब घरोघर येणार. आता तुम्ही सांगा, घरी साहेब येणार म्हटल्यावर आमची बाई काय करणार? अंगण सारवलं. शेजारणीकडून कपबशा आणल्या. मातोलाच्या घरून फुलांची चादर आणली, खाटेवर घातली—खाट गावप्रमुखांच्या सुनेची. खुर्च्या आणल्या. रेडिओ आणून भिंतीला टांगला, त्यात सेल नव्हते, पण टांगला. आमच्या गावात एकूण नऊ खुर्च्या आहेत मॅडम, आणि पाहुणा कुणाकडे आलाय हे बघायचं असेल तर खुर्च्या कुठे चालल्यात ते बघायचं. लग्न असो, मयत असो, पाद्री असो. ते मागणंसुद्धा नसतं. उद्या तुझ्याकडे पाहुणा आला तर माझी वाटी तुझ्या घरी. पाहुण्याला जमिनीवर बसवलं तर लाज त्या घराची नाही, गावाची.

साहेब आला. खुर्चीवर बसला. चहा प्याला. आणि पाटीवर टिचक्या मारायला लागला—खुर्च्या किती? चार. खाट? आहे. रेडिओ? तो बघा. गादी, चादर, कपबशा... एनेलेसी तर फुलून गेली होती. तिला वाटलं, साहेब घराचं कौतुक करतोय. साहेबानं विचारलं, 'आजी, हे सगळं तुमचंच?' —आता पाहुण्याच्या तोंडावर कुणी म्हणेल का, की नाही बाबा, तुला बसवायला मी दहा घरं फिरले? तो काय अपमान नाही का पाहुण्याचा? ती म्हणाली, 'घरचंच आहे, बेटा.' आणि साहेबानं माझ्याकडे बघितलं, मी तिथेच उंबऱ्यावर बसलेला. मीही म्हटलं, 'घरचंच.'

खोटं बोललो? मी यावर फार विचार केलाय. बहिणीच्या घरात भावाची खुर्ची, म्हणजे घरचीच की. नाही का?

हो. माझी. चारातल्या दोन माझ्या होत्या. रेडिओही माझा. बायकोच्या गावाहून परत येताना एवढंच तर आणलं होतं डोक्यावरून. तुमचं लक्ष बरोबर आहे, मॅडम. त्या साहेबाचं नव्हतं.

आलं वाटतं कुणी. नाही, बकऱ्या आहेत. बसा, बसा.

मग पुढे काय—पुढे साहेब उठला आणि शेजारच्या घरी आला. शेजारचं घर माझं. मी त्याच्या मागोमाग आलो, म्हणजे धावतच, पाहुणा आधी पोचू नये म्हणून. आत काय होतं? काही नाही. खुर्च्या तिकडे, रेडिओ तिकडे, चटईसुद्धा मी एनेलेसीच्या ओसरीवर अंथरायला दिलेली. एक भांडं, एक कुदळ. साहेब दारात उभा राहिला, आत वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला—काय सांगू, माझी बायको गेली तेव्हासुद्धा माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. 'आजोबा, बसायला काहीच नाही?' तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं—अरे बेटा, आत्ता तू ज्याच्यावर बसून आलास ती माझीच. पण तसं म्हटलं असतं तर बहीण खोटी पडली असती. पाहुण्यासमोर. आणि मी तिचा मामा—म्हणजे घराचा मामा. म्हणून गप्प बसलो. ते गप्प बसणं चांगलं होतं, मॅडम. त्याबद्दल मला देवही काही म्हणणार नाही.

हो. वाचा तुम्ही. चौथं नाव आहे. बिझिविक—तोच मी. मघापासून तुम्ही बोट ठेवून आहात त्याच्यावर, मला दिसतंय, मला वाचता येत नाही पण माझं नाव दिसायला कसं आहे ते माहीत आहे.

नका असं बघू. मी काही मागितलं नव्हतं. यादी करणारी ती पाटी, माणूस नाही, असंच सांगितलं होतं आम्हाला, म्हणजे वशिला चालणार नाही. नाहीच चालला. कुणाचाच चालला नाही. मी, ज्याला दोन खुर्च्या आणि एक रेडिओ, एकटा जीव, तो गरीब. आणि जी तीन मेलेल्या लेकींची पोरं सांभाळते ती सुखवस्तू. एनेलेसी तर हसली होती. म्हणाली, 'दादा, बघ, साहेबाच्या हिशेबानं मी श्रीमंत! आता तू मला दम द्यायचा नाहीस.' वर्षभर गावातल्या बायका तिला तशाच हाका मारतात—'ए श्रीमंत बाई, जरा मीठ दे ग!' आणि ती देते. असलं तर.

मक्याची पोती आली तेव्हा मी निम्मं तिच्याकडे नेलं. निम्म्याहून जरा कमी. खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात निम्मं, मग माझा पाय दुखायला लागला, मग... कमी होत गेलं. ती मात्र चर्चमध्ये उठून म्हणाली, माझ्या भावासारखा भाऊ देवानं सगळ्यांना द्यावा, स्वतः गरीब असून तोंडचा घास देतो. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. मीही म्हटलं. तेव्हापासून मी त्या बाकावर बसत नाही, मागे दारापाशी उभा राहतो, वारा येतो म्हणून सांगतो.

तुम्ही म्हणाल, वर्षभर चाललं, मग आज काय झालं. सांगतो. तिची थोरली नात फायनेस माध्यमिकला लागलीय. निवासी शाळा. या गावातनं मुलगी अशी कधी लागलीच नव्हती मॅडम, भिंतीवर नावांचा कागद डकवला होता, पोरं तिला ओढत घेऊन गेली, आणि ती कागदापुढे उभी राहून नुसती नाक पुसत होती. यादीतल्या घरातली असती तर फी भरली गेली असती. माझ्या घरात शाळेचं पोर नाही. माझी जागा नुसती पडून आहे. शाळा सोमवारी सुरू होते, आणि सोमवारीच चहाच्या मळ्याचा ट्रक येतो तोडणीला माणसं न्यायला. एनेलेसीनं मुकादमाला पोरीचं नाव सांगून ठेवलंय. परवा मला विचारायला आली, रीतीप्रमाणे, 'मामा, मळ्यावर जाऊ ना?' आजीचा भाऊ मी, तिच्या आईचा मामा, पण तीही मामाच म्हणते. मी म्हटलं, थांब. एवढंच म्हटलं. दोन रात्री झोप नाही.

तर मॅडम, तुमच्या पिशवीत पेन आहे. माझं नाव खोडा, तिथे एनेलेसीचं लिहा. कुणाला कळायचं कारण नाही. तुमचं काम झालं, तिचं झालं, माझंही झालं. नामसोको यायच्या आत. एक रेघ मारायची आणि एक नाव, त्याला किती वेळ लागतो?

का?

मी सांगतोय ना. मी स्वतः सांगतोय, ज्याचं नाव आहे तोच. माझा अंगठा घ्या. —सभेतच? सगळ्यांसमोर? नाव वाचल्यावर ज्याचं त्यानं उठून सांगायचं? पण मग तिला कळणार. ती पुढेच बसते, मॅडम, कान कमी झालेत म्हणून पुढे बसते. तिच्या तोंडासमोर मी म्हणू, की बाई, वर्षभर मी तुझं खाल्लं आणि तू माझे आभार मानलेस? तुम्ही लहान आहात. तुम्हाला भाऊ आहे? आहे ना? मग. मग तुम्हाला काय सांगायचं पोरी. —चुकलं, मॅडम.

नाही, रागावलो नाही. नियम बरोबर आहे. बंद खोलीत नाव बदलता आलं असतं तर आधी नामसोकोच्या सुनेचं नाव यादीत घुसलं असतं, ते मला कळतं. उजेडात करायचं म्हणजे सगळ्यांसाठीच उजेड. मला वाटलं होतं तुम्ही शहाण्या दिसता, तुम्हाला सांगितलं की झालं. तुम्ही शहाण्याच आहात. त्याचीच पंचाईत आहे.

ते आले. ते बघा, हातात टोपी घेतलेले ते नामसोको. मागनं सगळी माणसं. आणि ती... हो, हिरवं फडकं बांधलेली, पायात चप्पल नाही ती. बरोबर फायनेस आहे. किती उंच झालीय. एनेलेसी हात हलवतेय मला. बघा, लांबूनच हलवतेय, लोक मयताहून येतायत आणि ही हसतेय.

एक सांगतो आणि मग जा. गेल्या वर्षी याच झाडाखाली यादी वाचली. चौथं नाव माझं आलं. साहेबानं विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? तीनदा विचारलं, नियमानं. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो. म्हाताऱ्याला उठायला वेळ लागतो, मी अर्धा उठेपर्यंत टाळ्या झाल्या, म्हणजे नाव पक्कं, मग परत बसलो. वर्षभर मी स्वतःला हेच सांगत आलो, की टाळ्या लवकर झाल्या. लवकर नाही झाल्या, मॅडम. मी सावकाश उठलो. एवढा सावकाश मी कधीच उठत नाही.

आज मी बसणारच नाही. हा असा इथे, सगळ्यांच्या मागे उभा राहतो. चौथं नाव आलं की जरा थांबा, बस्स. माझ्याकडे बघू नका. —बघा. बघाच. नाहीतर...

जा आता. बोलावतायत तुम्हाला. भांडं राहू द्या इथेच, मी नेतो. जा.